काळजी करणं, काळजी घेणं

"एक्स्टर्नल आले!"

हे दोन शब्द लॅबबाहेरच्या पॅसेजमध्ये, हातात जर्नल धरून ज्याने ऐकले आहेत, त्याला चिंता म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. पोटात गोळा, घशाला कोरड, तळहाताला घाम, आणि रात्री तीनपर्यंत घोकलेलं सगळं डोक्यातून साफ! आपण याला हसत हसत 'फाटली' म्हणतो (हा शब्द संपादकांनी ठेवला तर उपकार होतील), टपरीवर जाऊन एक कटिंग मारतो आणि पुढच्या ओरलपर्यंत विसरतो.

पण सगळ्यांना विसरता येत नाही. आज लिहायचं आहे ते त्याबद्दल. आणि त्या धाकधुकीचं अध्यात्माशी काय नातं आहे त्याबद्दल. मित्रांनो, 'अध्यात्म' हा शब्द वाचून लगेच पान उलटू नका. मी प्रवचन करणार नाही. एकदा केलं होतं. ते कसं महागात पडलं, तेच सांगणार आहे.

सेकंड इयरला होस्टेलच्या आमच्या मजल्यावर मला 'महाराज' म्हणायचे. पहाटे पाचला उठून ध्यानाला बसायचो, टेबलावर थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकाशेजारी गीता असायची. कुणाचा ब्रेकअप झाला, कुणाला के.टी. लागली की पोरं माझ्याकडे यायची आणि मीही दोन-चार मोठी वाक्यं फेकायचो. बरं वाटायचं. त्यांना किती वाटायचं माहीत नाही, मला नक्की वाटायचं.

माझा रूममेट लातूरकडचा, हुशार, अबोल. त्या सेमिस्टरला त्याची झोप उडाली. मेसमध्ये ताट घेऊन बसायचा आणि तसाच उठायचा. युनिट टेस्ट असली की छातीत धडधड व्हायची. तो गुपचूप शहरातल्या एका डॉक्टरांकडे जाऊन आला. त्यांनी गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं. गोळ्यांची पट्टी त्याने फक्त मला दाखवली.

आणि मी काय म्हणालो? "अरे, गोळ्या कसल्या खातोस? मन कच्चं असेल तर गोळी काय करणार? रोज अर्धा तास डोळे मिटून बस, नाम घे. त्याच्यावर भरवसा ठेव, चिंता राहतेच कशी बघू!"

त्याने देवावर ठेवला की नाही माहीत नाही, माझ्यावर भरवसा ठेवला. गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी, एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री तो जिन्यात बसलेला सापडला. अंग थरथरत होतं, श्वास घेता येत नव्हता, "मी मरतोय का रे?" एवढंच विचारत होता. रात्री दोनला आम्ही तिघांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सकाळच्या एस.टी.ने त्याचे वडील आले. शर्टाची इस्त्री मोडलेली, हातात डबा. त्यांनी मला विचारलं, "बाळा, तू त्याच्याजवळ असतोस ना? काय झालं रे त्याला?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याचं वर्ष गेलं. पुढच्या बॅचबरोबर तो परत आला, आज ठणठणीत आहे आणि हा लेख त्याने वाचून 'छाप' म्हटल्यावरच मी दिला आहे. त्याने मला कधी बोल लावला नाही. तेच जास्त लागतं.

तेव्हा माझं पहिलं मत हे, आणि ते मी स्वतःची चूक मोजून मांडतोय : चिंता म्हणजे श्रद्धेची कमतरता नव्हे. ज्याला ताप आलाय त्याला आपण 'तुझी भक्ती कमी पडली' असं म्हणत नाही. मग ज्याची झोप उडाली त्याला का म्हणतो? एक तर तो आधीच घाबरलेला, त्यात 'मी घाबरतो म्हणजे मी पापी, मी कमकुवत' हे दुसरं ओझं आपण त्याच्या डोक्यावर ठेवतो. वर त्याला अध्यात्म म्हणतो!

त्या प्रकरणानंतर मी गीता पुन्हा उघडली. या वेळी वाक्यं फेकण्यासाठी नाही. आणि पहिल्याच अध्यायात थबकलो. कुरुक्षेत्रावर दोन सैन्यांच्या मधोमध अर्जुनाचं काय होतं ते आठवा. हातपाय गळतात, तोंड कोरडं पडतं, अंगाला कंप सुटतो, कातडीची आग होते, गांडीव हातातून निसटतं, उभं राहवत नाही, डोकं गरगरतं. त्या रात्री जिन्यात मी जे पाहिलं ते हेच होतं! भित्र्या माणसाची नव्हे, त्या काळच्या सर्वात मोठ्या धनुर्धराची ही अवस्था. आणि त्या अध्यायाचं नाव काय? अर्जुनविषादयोग. विषादालाही 'योग' म्हटलंय.

पुढची गंमत तर माझ्या आधी कधीच लक्षात आली नव्हती. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला श्रीकृष्ण आधी अर्जुनाला झापतो. हे तुला शोभत नाही, हा दुबळेपणा टाक आणि ऊठ, अशा अर्थाचं. म्हणजे मी रूममेटला म्हणालो तेच, फक्त चांगल्या संस्कृतमध्ये. परिणाम? शून्य. अर्जुन म्हणतो मला काही कळेनासं झालंय, मला शिकव. आणि 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसतो. तेव्हा कुठे खरी शिकवण सुरू होते, आणि ती अठराव्या अध्यायापर्यंत चालते. प्रत्यक्ष भगवंताच्या झापण्यानेही जिथे काम झालं नाही, तिथे आपण 'अरे टेन्शन नको घेऊ' या चार शब्दांत उरकायला निघतो!

आता दुसरी बाजू. हल्ली उलटंही ऐकू येतं, की ताण चांगलाच असतो, ताणानेच माणूस घडतो, सोनं आगीतूनच निघतं वगैरे. आपण इंजिनिअर लोक, तेव्हा हे जरा तपासूनच घेऊ. 'स्ट्रेस' हा शब्द मुळात आपलाच. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये आपलं पहिलं गाजलेलं टिपण छापलं आणि पुढे हा शब्द शरीराच्या बाबतीत रूढ केला. नंतर त्यानेच कबूल केलं की आपलं इंग्रजी अजून चांगलं असतं तर 'स्ट्रेन' म्हटलं असतं. म्हणजे एक्स्टर्नलने 'स्ट्रेस आणि स्ट्रेनमधला फरक सांगा' विचारल्यावर गडबडणारे आपण एकटेच नाही!

यू.टी.एम.वर माइल्ड स्टीलचा तुकडा आपण सगळ्यांनीच ओढलाय. इलॅस्टिक लिमिटच्या आत लोड काढला की तो जसाच्या तसा होतो. यील्ड पॉइंटच्या पुढे गेला की कायमचा बदलतो. काही काळ तो अधिक ताकदवानही होतो, त्याला आपण स्ट्रेन हार्डनिंग म्हणतो. 'ताणाने माणूस घडतो' म्हणणाऱ्यांचा आलेख इथेच थांबतो. पण पुस्तकात पुढचं वाक्यही आहे : अशा धातूची ताकद वाढते तशी डक्टिलिटी कमी होते. तो कडक होतो, वाकायचं विसरतो. आणि फटीगचा धडा तर विसरूच नका. एकच मोठा लोड आला म्हणून तुकडा तुटतो असं नाही. यील्डच्या कितीतरी खालचा लोड, पण पुन्हा पुन्हा, हजारो वेळा आला तरी एक दिवस कट्कन तुटतो. बाहेरून काही दिसत नाही.

आपल्या आजूबाजूला असे कडक झालेले कितीतरी जण आहेत. काही लागत नाही त्यांना. दुसऱ्याचं रडूही लागत नाही. याला मी वाढ म्हणायला तयार नाही. तेव्हा दुसरं मत : चिंतेने माणूस आपोआप मोठा होत नाही. नुसती सोसली तर ती एक तर तोडते, नाही तर कडक करते.

मग नातं आहे तरी काय? ते मला फायनल इयरला, स्वतःवर बेतल्यावर कळलं.

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला. पहिल्या कंपनीत ग्रुप डिस्कशनला गेलो, बाहेर. दुसरीत इंटरव्ह्यूपर्यंत पोचलो, बाहेर. तिसऱ्या कंपनीच्या ॲप्टिट्यूडला मी गेलोच नाही. रूमवर जाहीर केलं, "नोकरी, पॅकेज ही सगळी माया आहे. मला त्यात रस उरलेला नाही." पोरं म्हणाली, महाराजांना वैराग्य आलं. मलाही तसंच वाटलं. फक्त एवढं वैराग्य येऊनही रात्री झोप का येत नाही, हे कळत नव्हतं.

त्या दिवसांत लायब्ररीत 'गीता प्रवचने' हाती लागलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांसमोर ही प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाची गोष्ट आहे. त्याने कित्येकांना फाशी सुनावलेली. एक दिवस खुनाच्या आरोपाखाली त्याचा स्वतःचा मुलगा समोर उभा राहतो, आणि मग या गृहस्थांना अचानक फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. विनोबांचं म्हणणं असं, की हे बोलणं तत्त्वातून आलेलं नाही, मुलाच्या मोहातून आलंय. अर्जुनाचंही तसंच.

वाचलं आणि पुस्तक मिटलं. माझं वैराग्य म्हणजे त्या न्यायाधीशाचा निकाल होता! मला पॅकेजचा कंटाळा आला नव्हता, तिसऱ्यांदा नाही ऐकण्याची धास्ती होती. भीतीने भगवी कफनी घातली होती, एवढंच.

त्या रात्री पहिल्यांदा मी ध्यानाला 'शांत वाटावं' म्हणून बसलो नाही. स्वतःला विचारलं, नेमकं काय जाईल म्हणून घाबरतोयस? नोकरी? ती आज नाही उद्या मिळेल. मग? वडिलांनी शैक्षणिक कर्ज काढलंय, गावात सांगून ठेवलंय. म्हणजे लाज? हो. अजून खाली? 'हुशार मुलगा' हा शिक्का पुसला गेला तर मी कोण, हे मला माहीत नव्हतं. आणि 'महाराज' हा शिक्कासुद्धा त्यातलाच. माझं अध्यात्मही मार्कांसाठीच चाललं होतं!

'मी कोण' हा प्रश्न मी पुस्तकांत शंभरदा वाचला होता. तो खरोखर पडला त्या रात्री, आणि पाडला भीतीने. म्हणून माझं तिसरं मत : चिंता आपण कशाला घट्ट धरून बसलोय ते दाखवते. तिच्याकडे न पळता बघितलं तर तिथे अध्यात्माची सुरुवात होऊ शकते. होतेच असं नाही. 'होऊ शकते' एवढंच.

आपल्या मराठीला हे फार आधीपासून कळलेलं दिसतं. 'तळमळ' हा शब्द घ्या. झोप येत नाही म्हणून कुशी बदलतो तीही तळमळ, आणि संतांना देवाच्या भेटीची असते तीही तळमळच. तुकोबांची गोष्ट नुसती टाळ-मृदंगाची नाही. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचा धंदा बुडाला, पत्नी आणि मुलगा गेले. भंडाऱ्याच्या डोंगरावर ते जाऊन बसले ते सगळं सुरळीत चाललं होतं म्हणून नव्हे. आणि त्यांनी आपली शंका, भीती, चिडचिड लपवलीही नाही; साऱ्या महाराष्ट्राने ऐकावी अशी मांडून ठेवली.

तसाच 'काळजी' हा शब्द. काळजी करणं आणि काळजी घेणं. संज्ञा तीच, फक्त क्रियापद बदललं! 'करतो' तेव्हा मी माझ्याच भोवती फिरत असतो. 'घेतो' तेव्हा समोर कुणीतरी असतं. मला वाटतं, आध्यात्मिक वाढ वगैरे जे मोठं म्हणतात ते या दोन क्रियापदांमधलं अंतर असावं. रूममेट घाबरला तेव्हा मी त्याला तत्त्वज्ञान दिलं. त्या वेळी त्याच्याबरोबर पुन्हा डॉक्टरांकडे जाणं, हेच अध्यात्म होतं. मला ते दिसलं नाही.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. धाकधूक ओरलपुरती असेल तर ठीक. पण आठवडेच्या आठवडे झोप, जेवण, अभ्यास सगळं बिघडलं असेल तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. चालू गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून, अगदी 'महाराजां'च्याही, बंद करू नका. विपश्यना शिकवणारी मंडळीसुद्धा गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराचा सल्ला देत नाहीत. तेव्हा आपण होस्टेलच्या खोलीत बसून तो देऊ नये. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. आपल्या नोटीस बोर्डावर फेस्टच्या पोस्टरशेजारी हा नंबर लावायला काय हरकत आहे?

असो. माझं पुढे काय झालं? चौथ्या कंपनीच्या ॲप्टिट्यूडला गेलो. हात थरथरत होते. अजूनही थरथरतात. ध्यानाला बसतो, पण आता भीती जावी म्हणून नाही, ती आली तर ओळखता यावी म्हणून. कंपनीने घेतलं की नाही हे मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तुम्ही लेखाचं सार तिथेच शोधाल.

परवा रूममेटची ओरल होती. मी त्याच्या लॅबबाहेर उभा होतो. "एक्स्टर्नल आले" असा आवाज झाला आणि त्याचा चेहरा पडला. माझ्या तोंडावर चांगली दोन-तीन वाक्यं आली होती. ती गिळली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

त्याने दोन घोट घेतले आणि म्हणाला, "थांबशील ना रे बाहेर?"

"थांबतो."