सुधाताईंनी अमेरिकेहून काय आणलं?

मुलांनो,

परदेशी शिकायला गेलेलं माणूस घरी आलं, की आपलं सगळं लक्ष त्याच्या बॅगेकडे! चॉकलेटं असतील, पेन असेल, एखादा छानसा टी-शर्ट असेल. आज मी तुम्हाला अशा एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगणार आहे, की जिने अमेरिकेहून बॅगेत न मावणारी वस्तू आणली. तिने नाटक आणलं. आणि तेही मोठ्यांसाठी नाही बरं का, तुमच्यासाठी!

या विद्यार्थिनीचं नाव सुधा करमरकर. माहेरच्या त्या आमोणकर. जन्म १९३४ सालचा. आज त्या असत्या, तर तुमच्या पणजीच्या वयाच्या असत्या. पण नाटकवाले सगळे त्यांना ‘सुधाताई’च म्हणत, म्हणून आपणही तसंच म्हणू. त्या मुंबईत वाढल्या. घरात नाटकाचं वातावरण होतं. त्या भरतनाट्यम शिकल्या, रंगमंचावर कामंही करू लागल्या. पुढे नाटकाचा अभ्यास करायला त्या अमेरिकेला गेल्या.

आता, नाटकाचा अभ्यास म्हणजे नुसती जाडजूड पुस्तकं नव्हेत. नाटकं बघायची, हाही अभ्यासच! तिथे सुधाताईंच्या लक्षात एक गोष्ट आली. मुलांसाठी तिकडे वेगळी रंगभूमी होती. मुलांना समोर ठेवून लिहिलेली, रीतसर तालमी करून बसवलेली नाटकं होती.

तुम्ही म्हणाल, ‘बाई, यात विशेष ते काय?’ सांगते.

त्या काळात आपल्याकडे मुलं नाटकाला जात नव्हती असं नाही. जात होती, पण आईवडिलांचं बोट धरून, मोठ्यांच्या नाटकाला. संगीत नाटकं तर रात्री उशिरापर्यंत चालायची. मुलं पहिला अंक डोळे विस्फारून बघायची, दुसऱ्या अंकात जांभया द्यायची आणि तिसऱ्या अंकाला आईच्या मांडीवर गाढ! शाळेच्या संमेलनात मुलांची नाटुकली व्हायची, नाही असं नाही. पण तिथे मुलं रंगमंचावर आणि कौतुक करायला मोठी माणसं खुर्चीत. मुलंच खुर्चीत बसली आहेत आणि त्यांच्यासाठी कसलेले नट जीव तोडून काम करताहेत, हे कुठे होतं?

अमेरिकेत या कामाला बरीच आधी सुरुवात झाली होती. न्यूयॉर्कमध्ये १९०३ साली मुलांसाठी एक नाट्यगृह निघालं. ‘टॉम सॉयर’ लिहिणारे मार्क ट्वेन त्याचे मोठे पाठीराखे होते. पुढे १९२५ साली शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन गावात विनिफ्रेड वॉर्ड नावाच्या बाईंनी मुलांची रंगभूमी सुरू केली. या बाई शिक्षिका होत्या, हे मी मुद्दाम सांगते हं!

मुलांचं नाटक मोठ्यांच्या नाटकापेक्षा वेगळं कसं असतं, त्याचं एक गमतीदार उदाहरण देते. ‘पीटर पॅन’ची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. मुळात ते नाटक. जे. एम. बॅरी यांनी लिहिलेलं, लंडनला १९०४ च्या डिसेंबरात पहिल्यांदा झालेलं. त्यात टिंकर बेल नावाची इवलीशी परी विष पिते आणि मरायला टेकते. तेव्हा पीटर थेट प्रेक्षकांकडे वळतो आणि म्हणतो, की परी असते असं तुम्हाला वाटत असेल तर टाळ्या वाजवा! टाळ्या पडल्या, की परी वाचते. पहिल्या प्रयोगाला बॅरींना इतकी धास्ती होती, की कुणी टाळ्या वाजवल्याच नाहीत तर वादकांनी वाजवायच्या, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण लोकांनी कडकडून टाळ्या दिल्या.

बघा हं, इथे प्रेक्षक नुसता बघत नाही. परीला तोच वाचवतो. मुलांच्या नाटकाची सगळी गंमत यातच आहे.

सुधाताई परत आल्या त्या एकच ध्यास घेऊन, आपल्या मराठी मुलांसाठी अशी रंगभूमी हवी. नुसतं ‘हवी’ म्हणून त्या थांबल्या नाहीत. मुंबई मराठी साहित्य संघाच्या पाठबळावर त्यांनी ‘लिटल थिएटर’, म्हणजेच ‘बालरंगभूमी’ सुरू केली. १९५९ साली पहिलं नाटक रंगमंचावर आलं. त्याचं नाव ‘मधुमंजिरी’. दिग्दर्शन सुधाताईंचं आणि त्यातली चेटकीणही सुधाताईच!

त्यांनी तिकडचं नाटक उचलून जसंच्या तसं इकडे ठेवलं नाही. लिहायला मराठी मुलगा शोधला. मुलगाच म्हणायला हवं, कारण ‘मधुमंजिरी’ लिहिणारे रत्नाकर मतकरी तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते आणि दिग्दर्शिका पंचवीस वर्षांची! तुमच्या घरातल्या ताई-दादांच्या वयाच्या दोन माणसांनी मिळून हे काम उभं केलं.

पुढे मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था काढली आणि मुलांसाठी एकाहून एक नाटकं लिहिली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’ त्यांचं, ‘अलबत्या गलबत्या’ही त्यांचंच. ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. २०१८ साली ते नाटक नव्याने आलं, तेव्हा चेटकीण झाले आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे वैभव मांगले. म्हणजे अमेरिकेत शिकून आलेल्या एका मुलीने लावलेल्या रोपाची फांदी आपल्या परसापर्यंत आली की नाही?

अशीच एक गोष्ट पुण्याची. डॉ. मोहन आगाशे यांना जर्मनीत बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ नाट्यसंस्थेची नाटकं भावली. त्या नाटकांत परी नाही, राक्षस नाही. घरातलं, शाळेतलं, रस्त्यावरचं रोजचं जगणं असतं आणि मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात. ‘ग्रिप्स’ या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी तल्लख डोकं! १९८६ साली पुण्यात ‘छान छोटे वाईट मोठे’ हे नाटक मराठीत झालं आणि तीही वाट आपल्या मुलांना खुली झाली.

आमच्या वर्गात हे सांगितलं, तेव्हा एका मुलाने विचारलं, ‘‘बाई, नाटक बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्याकडे नमन आहे, खेळे आहेत, शिमग्याला संकासूर येतो.’’ प्रश्न मला फार आवडला. खरंच आहे त्याचं. संकासूर अंगावर धावून आला, की आपण किंचाळत पळतो आणि पुन्हा त्याच्याच मागे जातो. टिंकर बेलसाठी टाळ्या वाजवणाऱ्या मुलांसारखे आपणही त्या खेळात सामील होतोच ना! मग लांब जायचं ते कशासाठी? दुसऱ्याचं अंगण बघितलं, की आपल्या अंगणात काय आहे आणि काय नाही, हे दोन्ही कळतं, त्यासाठी. सुधाताईंना तिकडे गेल्यावर इकडची रिकामी जागा दिसली. ती नुसती दाखवून त्या गप्प बसल्या नाहीत, त्यांनी ती भरली.

तुमच्यापैकी कुणी उद्या मुंबई-पुण्याला शिकायला जाईल, कुणी थेट लंडनला. तिथे अभ्यास तर करालच. पण नाटकंही बघा. पैशांची काळजी वाटते? लंडनमध्ये शेक्सपिअरच्या जुन्या ‘ग्लोब’ नाट्यगृहासारखं हुबेहूब नाट्यगृह १९९७ साली सुरू झालं. त्याच्या मधल्या अंगणावर छप्परच नाही. तिथे उभं राहून नाटक बघायचं तिकीट सगळ्यात स्वस्त! पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही, असा नियम. आता मला सांगा, रत्नागिरीच्या पोराला पावसाचं काय कौतुक?

पण तिथवर थांबायला नको. सुधाताईंचं काम आपल्या शाळेतही करता येईल. संमेलनात पहिली-दुसरीची मुलं दरवर्षी नाचतात आणि आपण बघतो. यंदा उलटं करून बघा. सातवी-आठवीच्या चार-पाच जणांनी मिळून वीस मिनिटांचं नाटक लिहा. गोष्ट आपल्याच गावातली घ्या. जुन्या साड्या, पुठ्ठे, बांबू, एवढं सामान पुरे. पहिली-दुसरीच्या मुलांना पुढच्या रांगेत बसवा, मोठ्यांना मागे. एक जण वही घेऊन बाजूला बसू दे. मुलं कुठे हसली, कुठे चुळबुळली, कुठे श्वास रोखून गप्प झाली, ते त्याने टिपून ठेवायचं. मग दुसऱ्या प्रयोगाआधी ती वही सगळ्यांनी मिळून वाचा आणि जिथे चुळबुळ झाली, तो भाग पुन्हा लिहा.

नाटकाचं नाव काय ठेवलंत आणि वहीत काय निघालं, ते मला पत्राने नक्की कळवा. वाट बघते.

तुमच्या,
बाई