जालन्याच्या घरांची वार्ता

ज्या जालन्याच्या कारखान्यांतून निघालेली लोखंडी सळई दूरदूरच्या इमारतींस आधार देते, त्या जालन्यातील घरांची आणि भूखंडांची वार्ता मुंबईच्या मालमत्ताविषयक पृष्ठांवर क्वचितच अवतरते, ही स्थिती पालटणे अगत्याचे आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि २०२३ मध्ये शहरास महानगरपालिका लाभली. तेव्हा येथील जमिनीचा प्रश्न आता केवळ स्थानिक उरलेला नाही.

परंतु महानगरातील पत्रकाराचे लक्ष वेधावयाचे, तर नुसते गाऱ्हाणे मांडून भागत नाही. सातबारा, फेरफार, असल्यास अकृषिक परवानगीचा हुकूम आणि प्रकल्प नोंदणीस पात्र असल्यास महारेराचा क्रमांक, ही कागदपत्रे तारीखवार जोडून, एका कुटुंबाची हकिकत अनेकांच्या हिताशी कशी निगडित आहे हे थोडक्यात सांगावे, आणि प्रतिपक्षाचे म्हणणेही दडवू नये.

संपादकांनीही अशा टपालास तितक्याच गांभीर्याने उत्तर द्यावे; कारण जो शिक्षक वा हमाल आयुष्यभराची पुंजी एका भूखंडात घालतो, त्याची फसगत मुंबईकराच्या फसगतीहून लहान लेखण्याचा अधिकार कोणत्याही वृत्तपत्रास नाही.