पंचांच्या पायऱ्या आणि निरीक्षकांची उणीव

आषाढ सरता सरता नवी मुंबईत शालेय फुटबॉलचा हंगाम भरात येतो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या नोडांतील मैदानांवर सुब्रतो चषकाच्या आणि आंतरशालेय स्पर्धांच्या फेऱ्या सुरू होतात, आणि गुडघाभर चिखलात चाललेल्या त्या सामन्यांना मुलांचे गुण हेरणारे प्रशिक्षक येतात, अकादम्यांचे चालक येतात, पालक तर येतातच; परंतु त्या बावीस मुलांमध्ये शिटी घेऊन धावणाऱ्या तेविसाव्या तरुणाचे गुणदोष पारखण्यासाठी बहुधा कोणीही आलेले नसते. आजच्या लेखात मला या तेविसाव्या माणसाचा विचार करावयाचा आहे. कारण हौशी पंचांच्या दर्जांची जी शिडी आपल्या देशात नियमाने उभी आहे, तिच्या खालच्या पायऱ्यांवर पाहणारा डोळा नसेल तर त्या शिडीचे अस्तित्व दप्तरापुरतेच उरते, असे माझे ठाम मत आहे.

ही शिडी कशी आहे ते प्रथम सांगणे आवश्यक आहे, कारण खेळाच्या निष्ठावंत प्रेक्षकांनाही ती सहसा ठाऊक नसते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पंचांचे पाच वर्ग मानले आहेत. सर्वांत खालचा तो ‘कॅटेगरी फाइव्ह’, आणि तेथून एकेक पायरी चढत पंच ‘कॅटेगरी वन’पर्यंत, म्हणजे राष्ट्रीय पंचाच्या दर्जापर्यंत, पोहोचतो, मैदानावर मात्र सारेजण ‘कॅट फाइव्ह’, ‘कॅट फोर’ असेच म्हणतात. जुन्या पिढीतील पंच आजही ज्या तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाच्या परीक्षांचा उल्लेख करतात, त्यांचीच ही विस्तारलेली आवृत्ती होय. खालच्या पायऱ्यांचा कारभार जिल्हा संघटना आणि राज्य संघटना पाहतात, तर वरच्या पायऱ्यांवरील बढती महासंघाच्या हाती असते. महाराष्ट्रापुरती ही राज्य संघटना म्हणजे १९११ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, जिचे नाते १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाशी आणि १९०२ पासूनच्या हारवूड लीगशी जडलेले आहे. राष्ट्रीय दर्जाच्याही पलीकडे फिफाचा बिल्ला असतो. तो एका वर्षापुरताच मिळतो आणि दर १ जानेवारीला नवी यादी अमलात येते. त्यासाठी मुख्य पंचाचे वय किमान २५ आणि साहाय्यक पंचाचे किमान २३ असावे लागते.

प्रत्येक पायरीवर दोन कसोट्या ठरलेल्या आहेत. पहिली नियमांची. फुटबॉलचे नियम सतराच असले तरी १८८६ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय नियम मंडळ वर्षाकाठी त्यांत काही ना काही फेरफार करीत असल्यामुळे दहा वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या पंचाला आजही विद्यार्थीच राहावे लागते. दुसरी कसोटी शरीराची. पूर्वी १२ मिनिटांत किती अंतर तोडले यावर पंचाची दमछाक मोजली जाई आणि आंतरराष्ट्रीय पंचाकडून २७०० मीटरची अपेक्षा असे. आता फिफाच्या पुरुष पंचाला ४० मीटरांच्या सहा दौडी, प्रत्येकी ६ सेकंदांच्या आत, मध्ये मिनिटभराची उसंत घेऊन पूर्ण कराव्या लागतात. आणि त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत धावणे व २५ मीटर १८ सेकंदांत चालणे, हा क्रम चाळीस वेळा, म्हणजे एकूण ४००० मीटर, अखंड चालवावा लागतो. खालच्या वर्गांची मोजमापे याहून सौम्य असतात, पण तत्त्व तेच.

या दोन्ही कसोट्या उत्तम आहेत, आणि त्यांचे एक मोठे सुख असे की त्या एका दिवसात, एका मैदानावर, एका कागदावर उरकता येतात. मात्र ज्याने पेपरात सतराही नियम अचूक लिहिले आणि ज्याने धावण्याची कसोटी सहज पार केली, तो उमेदवार, ८५व्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत असताना, गोलक्षेत्रासमोर एखादा मुलगा कोसळला आणि दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक एकाच वेळी ओरडू लागले, तर कोठे उभा असेल, किती वेळ थांबेल, शिटी वाजवील की फायदा देऊन खेळ चालू ठेवील, आणि निर्णय दिल्यानंतर त्याचा चेहरा व त्याचा हात काय सांगेल, हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेतून कळणारे नाही. ते तेथे बसून पाहावेच लागते. सर स्टॅन्ले राउस, जे स्वतः १९३४ च्या इंग्लिश एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्याचे पंच होते आणि पुढे फिफाचे अध्यक्ष झाले, त्यांनी पंचाने मैदानाच्या कर्णावरून धावावे आणि रेषेवरील साहाय्यकांनी उरलेली बाजू सांभाळावी ही पद्धत रूढ केली. त्या कर्णरेषेचे ज्ञान पुस्तकातून मिळते. परंतु ती सोडून चेंडूजवळ केव्हा जावे, याचा विवेक अनुभवाने आणि अनुभवी माणसाच्या टिप्पणीनेच येतो.

म्हणूनच जेथे जेथे पंचांची व्यवस्था सुदृढ आहे तेथे तेथे सामन्याचा निरीक्षक हा तिचा कणा आहे. मैदानावर ज्याला ‘असेसर’ म्हणतात तो हाच. तो पंचाची हालचाल, निर्णय, खेळाडूंना हाताळण्याची रीत, साहाय्यकांशी सहकार्य आणि सामन्याची अवघडपणाची पातळी या सर्वांची नोंद करून गुण देतो. युरोपीय महासंघाने रूढ केलेल्या गुणपद्धतीत अपेक्षेनुसार पार पडलेल्या कामगिरीला ८.४ च्या आसपास गुण मिळतात, आणि सामन्यावर परिणाम करणारी एक स्पष्ट चूक घडली तर बाकीचे काम कितीही चांगले असले तरी गुण ७.९ च्या वर जात नाहीत. अर्ध्या गुणाच्या त्या अंतरावर पंचाचे पुढचे वर्ष अवलंबून असते. तथापि त्याहून मोलाचा असतो तो गुणांखाली लिहिलेला परिच्छेद, ज्यात कोणत्या मिनिटाला काय दिसले आणि काय करावयास हवे होते हे सांगितलेले असते. अमेरिकेत पूर्वी ‘ग्रेड आठ’पासून वरपर्यंत अंकांची शिडी होती, अलीकडे ती मोडून स्थानिक, प्रादेशिक आणि राष्ट्रीय असे मोजकेच दर्जे त्यांनी ठेवले. दर्जांची संख्या पाच असावी की तीन, हा प्रश्न त्यामुळे मला दुय्यम वाटतो. दोन पायऱ्यांच्या मध्ये पंचाला पाहणारे कोण आणि त्याला सांगणारे कोण, यावरच त्या पायरीची किंमत ठरते.

आता आपल्या शहराकडे वळू. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० असे हरविले. त्या स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच चित्रफितींच्या साह्याने पंचांचे निर्णय तपासण्याची व्यवस्था वापरली गेली. म्हणजे पंचाच्या प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाकडे अनेक कॅमेरे आणि पडद्यासमोर बसलेले अनेक तज्ज्ञ पाहत होते. त्याच शहरात, त्या स्टेडियमपासून चालत जाता येईल अशा मैदानांवर, कॅट फाइव्हचा पंच संपूर्ण हंगामभर शिटी वाजवितो आणि त्याच्याकडे पाहणाऱ्यांत त्याच्या कामाचा जाणकार असा एकही नसतो. शिखरावर नजरेची इतकी समृद्धी आणि पायथ्याशी इतके दारिद्र्य, ही विषमता मला अस्वस्थ करते.

याचे दुष्परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. ज्याच्यात खरे गुण आहेत अशा पंचाला बढतीसाठी कोणाची शिफारस मिळवावी हे कळत नाही, कारण शिफारस करू शकेल अशा कोणी त्याचे काम पाहिलेलेच नसते. आणि ज्याच्यात एखादा साधा, सुधारण्याजोगा दोष आहे, उदाहरणार्थ चेंडूपासून फार दूर राहण्याची सवय, तो वर्षानुवर्षे तोच दोष घेऊन फिरतो, कारण त्याला तो कोणी सांगितलेलाच नसतो. त्याच्या कानी पडते ते केवळ प्रेक्षकांचे ओरडणे आणि हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाचा संताप. जाणकाराच्या शब्दाला पारखा झालेला आणि अजाणांच्या शिव्यांना मात्र रोज सामोरा जाणारा तरुण दोन-तीन हंगामांत शिटी खुंटीला टांगतो, आणि आपण मग पंच मिळत नाहीत अशी तक्रार करतो.

मुलींच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच तीव्र आहे. गोव्याच्या युवेना फर्नांडिस यांनी २०१६ साली जॉर्डनमधील मुलींच्या विश्वचषकात साहाय्यक पंच म्हणून काम केले. पुढच्याच वर्षी भारतात झालेल्या मुलांच्या विश्वचषकात स्वित्झर्लंडच्या एस्थर श्टाउब्ली यांनी कोलकात्यात जपान आणि न्यू कॅलेडोनिया यांचा सामना सांभाळला, आणि फिफाच्या पुरुषांच्या स्पर्धेत मुख्य पंच होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ही उदाहरणे वाचून शिटी हाती घेणारी नेरूळची किंवा घणसोलीची मुलगी पहिल्या वर्षी ज्या सामन्यांत उभी राहते, तेथे तिच्या निर्णयावर अकारण संशय घेणारे अधिक असतात. तेथे एखाद्या अनुभवी निरीक्षकाचे केवळ उपस्थित असणेसुद्धा तिला आधार देते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मी गैरवाजवी मानीत नाही. तो असा की, ज्या संघटनांना पंचांचे मानधन वेळेवर देणेही जड जाते, त्यांनी निरीक्षकांचा भत्ता कोठून द्यावा? मला वाटते, खर्चाचा हा अंदाज प्रत्येक सामन्याला निरीक्षक हवा असे धरून केला जातो. प्रत्यक्षात एका पंचाला हंगामात तीन-चार वेळा नीट पाहिले आणि दर वेळी मोकळेपणाने सांगितले, तरी त्याच्या प्रगतीची दिशा ठरते. माणसेही दुर्मीळ नाहीत. या शहरात आणि ठाण्या-मुंबईत असे निवृत्त पंच आहेत, ज्यांचे गुडघे आता धावू देत नाहीत पण ज्यांची नजर अजून तल्लख आहे. त्यांना कोणी सन्मानाने बोलावीत नाही एवढेच. के. शंकर यांनी २००२ च्या विश्वचषकात साहाय्यक पंच म्हणून देशाचे नाव नेले, तरी त्या उंचीवर पोहोचलेल्यांची वाटसुद्धा एखाद्या जिल्ह्याच्या मैदानावरूनच सुरू होत असते, हे आपण विसरू नये.

दुसरी अडचण नकाशाची आहे. सिडकोने १९७० पासून वसविलेले हे शहर एकसंध दिसत असले तरी वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात मोडतात आणि खारघर-पनवेल रायगड जिल्ह्यात. खेळाचा कारभार जिल्ह्यांच्या हद्दींनी चालत असल्यामुळे खाडीकाठच्या या सलग वस्तीसाठी एकत्र विचार होणे सहज घडत नाही. म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. दोन्ही जिल्हा संघटनांनी मिळून नवी मुंबईसाठी निवृत्त व वरिष्ठ पंचांची एक निरीक्षक-सूची तयार करावी. महापालिकांनी स्पर्धेसाठी मैदानाचा परवाना देतानाच, स्पर्धेतील काही सामन्यांना, आणि तेही अंतिम सामन्याला नव्हे तर प्राथमिक फेऱ्यांना, सूचीतील निरीक्षक बोलाविण्याची अट घालावी. निरीक्षकाने आपला अहवाल आठवड्याच्या आत, मराठीत किंवा पंचाला समजेल त्या भाषेत लिहून, त्याची एक प्रत पंचाच्या हाती द्यावी आणि दुसरी संघटनेच्या दप्तरी ठेवावी. आणि बढतीच्या वेळी लेखी परीक्षेच्या गुणांइतकेच वजन या अहवालांना मिळावे.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा नको, नवी इमारत नको, फार मोठा निधीही नको. पुढच्या पावसाळ्यात शालेय सामने पुन्हा सुरू होतील त्यापूर्वी ही सूची तयार झाली, तर हंगाम संपताना या शहरातील प्रत्येक कॅट फाइव्ह पंचाजवळ स्वतःच्या कामाविषयी जाणकाराने लिहिलेला निदान एक कागद असेल. बढती मिळो वा न मिळो, आपल्याला कोणीतरी नीट पाहिले आणि त्यावरून निर्णय दिला, याची खात्री ही हौशी पंचाची सर्वांत रास्त मागणी आहे. आणि जो स्वतः दर रविवारी दुसऱ्यांना न्याय देतो, त्याला ती नाकारण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.