फिल्टरला फुंकर नको!

मागच्या रविवारी त्र्यंबक रोडवर एका पंक्चरवाल्याकडे हवा भरायला थांबलो होतो. शेजारी साधारण माझ्याच वयाचा एक मुलगा (गळ्यात आयडी कार्ड नसलं तरी आयटीवाला ओळखू येतोच हो) डर्ट बाइकचा एअर फिल्टर हातात घेऊन उभा. पंक्चरवाल्यानं कॉम्प्रेसरची नळी लावली, फुस्स्स केलं, लाल धुळीचा हा एवढा ढग उडाला. मुलगा खूश! वीस रुपये टेकवले आणि गेला अंजनेरीकडे.

मंडळी, हा फुंकरीचा प्रकार बंद झाला पाहिजे. माझं हे मत बरंच महागात पडून तयार झालंय, त्यामुळे जरा जोरात मांडतोय.

दोन वर्षं मीही हेच केलं. माझी दोनशे सीसीची बाइक, दर शनिवारी गंगापूर धरणाच्या मागचे कच्चे रस्ते, आणि दर सर्व्हिसिंगला जॉब कार्डवर ‘एअर फिल्टर क्लीन’ समोर सुबक टिक. मग एक दिवस सायलेन्सरमधून निळा धूर. ऑइल कमी होतंय, चढावर दम नाही. इंजिन उघडलं तर रिंगा गेलेल्या आणि सिलिंडरवर उभ्या रेघा. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बोट फिरवलं तर बोट लाल! म्हणजे जी धूळ बाहेर अडायला हवी होती, ती दोन वर्षं रोज आत जात होती. बिल झालं साडेसोळा हजार. फिल्टर मिळतो काहीशे रुपयांत. असो.

आता जरा गणित करू, सवय आहे म्हणून. दोनशे सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन सहा हजार आरपीएमला मिनिटाला तीन हजार वेळा श्वास घेतं. पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला सुमारे ६०० लिटर हवा, तासाला ३६ घनमीटर. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या, जवळपास तेवढी हवा तासाभरात संपली! आणि ही हवा कुठली? पुढच्या बाइकच्या मागची. ग्रुपमध्ये तिसरा-चौथा नंबर लागला की काय खातो ते ज्यांनी रुमाल झटकलाय त्यांना माहीत आहे.

सगळ्यात घातक कण डोळ्याला दिसतच नाहीत. पाच ते वीस मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. पिस्टन आणि सिलिंडरमधल्या ऑइलच्या थरात ते बरोब्बर शिरतात आणि पॉलिश पेपरचं काम करतात. कॉम्प्रेसरनं उडतो तो ढग जाड्या कणांचा. तो बघून आपण ‘व्वा, साफ झाला’ म्हणतो. मेकॅनिकला दोष देत नाही मी. गिऱ्हाइकाला ढग बघायचा असतो, तो ढग दाखवतो.

शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच बाइकमध्ये कागदी फिल्टर असतो तो ‘व्हिस्कस’, त्याच्या कागदाला धूळ धरायला चिकट तेल लावलेलं असतं. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं, की हा साफ करू नका, बदला. पण मॅन्युअल वाचतो कोण? ऑफिसात दुसऱ्याला ‘डॉक्युमेंटेशन वाच’ म्हणून झापणारे आपणच! काही कोरड्या कागदी फिल्टरना हलक्या दाबानं, आतल्या बाजूनं बाहेर हवा मारायला परवानगी असते, हे कबूल. पण पंक्चरवाल्याची नळी टायर भरायला असते, तिच्यातून पाणी आणि तेलही येतं, आणि मारतो तो दोन इंचांवरून. कागद फाटला तर दिसतो, पण त्याची भोकं नुसती मोठी झाली तर कुणालाच दिसत नाही.

आणखी एक गंमत. कागदी फिल्टर थोडा मळला की जास्त चांगला गाळतो, कारण साचलेली धूळच पुढची धूळ अडवते. त्यामुळे ‘चोकअप’ची भीती आपण उगाच वाढवून ठेवलीय. चोक झालेल्या फिल्टरनं मायलेज जाईल, पिकअप जाईल, बाइक कुरकुर करेल आणि तुम्ही तो बदलाल. गळका फिल्टर मात्र अजिबात तक्रार करत नाही, उलट बाइक मस्त पळते! ‘फ्री फ्लो’ फिल्टर लावून ‘फरक जाणवतो राव’ म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. शहरात लावा हवं तर. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला नको.

याच गावात, सातपूरला मायकोत (आता बॉश) डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात, मायक्रॉनमध्ये मोजमाप करून. आणि त्याच गावात आपण वीस रुपयांच्या फुंकरीवर इंजिन सोडतो!

‘मग काय करायचं?’ कागदी असेल तर बदला, धुळीत फिरत असाल तर मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या बऱ्याच आधी. फोमचा असेल तर घरी धुवा, दर धुळीच्या राइडनंतर. पेट्रोलमध्ये मुळीच नको, सांध्यांचा गोंद सुटतो आणि गॅलरीत भडका उडायची हौस कुणाला? फिल्टर क्लीनर किंवा रॉकेल, मग साबणाचं कोमट पाणी. पिळायचा नाही, दाबायचा. फोम पिळला की फाटतो. सावलीत पूर्ण वाळवा. मग फोम फिल्टरचंच तेल, सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत. इंजिन ऑइल खाली ओघळून जातं. तेल न लावलेला फोम म्हणजे भांडी घासायचा स्पंज, धुळीला काय अडवणार? फिल्टर काढल्यावर एअरबॉक्सच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, आतला डबा पुसा, काठाला ग्रीस लावा. काठ नीट बसला नाही तर वरचं सगळं फुकट.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ अर्धा तास लागतो, वाळायचा वेळ सोडून. मिसळीच्या रांगेत आपण याहून जास्त उभे राहतो आणि वर फोटो काढतो.

माझे दोन फोम आहेत, एक बाइकवर, एक दोरीवर. सोसायटीतल्या काकूंनी विचारलं, हे काय वाळत घातलंय रे? सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आमच्या ह्यांच्या स्कूटरचाही बघ ना. बघितला. त्यात फिल्टरच नव्हता.