रुग्णालयातील रात्र

आजाऱ्याला औषध, पथ्य आणि विश्रांती या तिन्हींची गरज असते, हे घरातील आजीबाईही जाणते. रुग्णालयाच्या कागदावर पहिल्या दोहोंची नोंद होते. रुग्ण रात्री झोपला की नाही, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

भंडारा जिल्ह्यात रुग्णालयातील रात्र म्हटली, की ९ जानेवारी २०२१ ची ती काळरात्र आठवल्यावाचून राहत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षाला त्या रात्री आग लागली आणि दहा अर्भके दगावली. रात्रीचा पहारा डोळ्यांत तेल घालूनच झाला पाहिजे, हा तिचा धडा. परंतु जागरूकता म्हणजे गोंगाट नव्हे. किंबहुना कोणीतरी जागे आहे, या भरवशावरच रुग्ण निश्चिंतपणे डोळे मिटतो.

वेदना आणि चिंता यांनी झोप उडते, हे खरे. पण उरलेली झोप आपण उडवितो, त्याचे काय? डोक्यावर रात्रभर जळणारे दिवे, खडखडणाऱ्या ढकलगाड्या, भ्रमणध्वनींचा किणकिणाट, उकाडा आणि डास! अंधार पडल्यावर शरीरात स्रवणारे निद्रापोषक मेलाटोनिन प्रखर प्रकाशाने रोखले जाते. अपुऱ्या झोपेने वेदना अधिक जाणवतात. वृद्धांना भ्रम होण्याचा धोकाही बळावतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने एकोणिसाव्या शतकातच शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात गोंगाटाला स्वतंत्र प्रकरण दिले होते. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानून रात्रीची मर्यादा ४० डेसिबल ठरविली. बाहेरच्या भोंग्याला दटावणाऱ्यांनी आतल्या आवाजाकडे कानाडोळा करावा, हे विसंगत होय.

यावरील उपायांना मोठा निधी लागत नाही. दहानंतर मोठे दिवे मालवून परिचारिकेच्या मेजावर एक दिवा ठेवावा. प्रकृती परवानगी देईल तेथे ताप, रक्तदाब आणि सुई यांच्या वेळा एकत्र साधाव्यात. लघवी वाढविणारी औषधे शक्यतो सकाळी द्यावीत, वेदनाशामक निजण्यापूर्वी. चाकांना तेल घालावे, खाटांना मच्छरदाण्या लावाव्यात. नातलगांसाठी निवारा असावा. त्यांनीही वॉर्डात हलक्या आवाजात बोलावे. धोक्याची घंटा मात्र कोणत्याही सबबीखाली बंद होता कामा नये.

झोपलेल्या रुग्णाला उठवून झोपेची गोळी देण्याचा विनोद जुना आहे. खाटेवरच्या माणसाला मात्र त्याचे हसू येत नाही. कर्मचारी जागा आणि रुग्ण निजलेला, अशी रात्र हीच चांगल्या रुग्णालयाची खूण आहे. या जिल्ह्याने तिची फार मोठी किंमत आधीच मोजली आहे.