लेथ धडधाकट, वाचक आंधळा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडच्या बाजारात एचएमटी तांदूळ मागितला, तर दुकानदार घड्याळ काढून दाखवत नाही. नाव मात्र घड्याळावरूनच आलं. तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी राखलं, वर्षागणिक वाढवलं. पुढे एका व्यापाऱ्यानं त्या काळी मनगटामनगटावर दिसणाऱ्या घड्याळाचं नाव त्या धानाला लावून टाकलं. ती घड्याळं बनवणारी हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये बंगळूरला स्थापन झाली, ती घड्याळांसाठी नव्हे. लेथ आणि मिलिंगसारखी यंत्रं देशात बनावीत म्हणून. घड्याळांचा धंदा २०१६ च्या सुमारास गुंडाळला गेला. तांदूळ टिकला, आणि जुने लेथही देशभरच्या शेडांमध्ये अजून फिरताहेत.

जे फिरत नाहीत, त्यांतले काही मुळात बिघडलेलेच नसतात. त्यांना फक्त काम सांगण्याची सोय उरलेली नसते.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सीएनसी लेथचा बेड ओतीव लोखंडाचा, वजन टनांत. चक, स्पिंडल, टरेट सगळं दणकट. पण अमुक व्यासाचा शाफ्ट काप, तमुक ठिकाणी आटे पाड, हा हुकूम त्याला मिळायचा कागदी पट्टीवरून. पट्टी १ इंच रुंद, प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक अक्षर, तिच्यात ८ भोकांची जागा आणि मधे पट्टी मोजण्यासाठी एक बारीक भोक. एका इंचात १० अक्षरं बसत, म्हणजे १,००० अक्षरांचा साधा प्रोग्रॅमही ८ फूट ४ इंच लांब व्हायचा. टेप रीडरमध्ये एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारे डोळे. भोक असेल तिथे उजेड, नसेल तिथे अंधार. सुरुवातीच्या कंट्रोलना स्मरणशक्ती जवळपास नव्हतीच; एक हुकूम वाचायचा, तेवढं कापायचं, मग पुढचा हुकूम. दुसऱ्या जॉबला पट्टी पुन्हा पहिल्यापासून.

ही सगळी रीत अमेरिकेतली. हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या मिशिगनच्या जॉन पार्सन्स यांची कल्पना, हवाई दलाचा पैसा, आणि १९५२ मध्ये एमआयटीनं सिनसिनाटी कंपनीच्या मिलिंग मशीनवर दाखवलेलं प्रात्यक्षिक. भोकांची पट्टी तारायंत्रांमुळे सगळीकडे मिळत होती, म्हणून तीच वापरली. पुढची तीसेक वर्षं ती कारखान्यांतून हटली नाही.

आता लेथच्या शेडमध्ये हवेत काय असतं? कूलंटचा फवारा, तेलाचा धूर, लोखंडाची भुकटी. टेप रीडर हा त्या यंत्राचा सर्वांत नाजूक भाग, आणि त्याचं नशीब असं की त्याला तिथेच नांदायचं. दिवा मंदावतो, डोळ्यांवर पापुद्रा चढतो, पट्टी ओढणारी मोटर अडखळते. सुटा भाग मिळत नाही, कारण बनवणाऱ्यानं तो बनवणं कधीच सोडलेलं असतं.

गंमत, खरं तर धोका, बारकाईनं पाहण्यासारखा आहे. जुन्या ईआयए लिपीत प्रत्येक ओळीतल्या भोकांची संख्या विषम हवी. ‘२’ या आकड्याला फक्त दुसरं भोक. ‘३’ ला पहिलं आणि दुसरं. पण ती झाली दोन, सम, म्हणून पाचव्या जागी एक जादा भोक पाडून बेरीज तीनवर आणायची. एखादं भोक घाणीनं बुजलं की संख्या सम होते आणि कंट्रोल अलार्म देऊन थांबतो. ठीक. पण ‘३’ चं पहिलं आणि पाचवं, दोन्ही भोकं एकाच वेळी बुजली तर? उरतं फक्त दुसरं, म्हणजे शुद्ध, नियमात बसणारं ‘२’. व्यास ३० मिलिमीटरचा हुकूम २० चा होतो, टूल एका बाजूनं ५ मिलिमीटर जादा आत घुसतं, आणि अलार्म वाजत नाही. हुकुमातली अक्षरं मोजणारी दुसरी तपासणीही इथे काही करू शकत नाही, कारण अक्षरं तेवढीच आहेत. रीडर पुसून-पासून चालवण्यापेक्षा तो बाजूला काढावा, असं जाणते टर्नर म्हणतात ते उगाच नाही.

बाजूला काढायचा, पण कंट्रोलला कळू न देता. याच युक्तीला धंद्यात बीटीआर म्हणतात. रीडरची केबल सोडवायची आणि त्या जागी एक छोटं कार्ड लावायचं. कंट्रोल ‘पट्टी पुढे सरकव’ म्हणाला की कार्ड आठ तारांवर पुढच्या अक्षराचे संकेत ठेवतं आणि मधल्या बारीक भोकाचा खोटा संकेतही देतं. कंट्रोलला वाटतं पट्टीच सरकली. तो ‘थांब’ म्हणाला की त्याच अक्षरावर थांबायचं. एक अक्षर पुढे गेलं तरी जुन्या कंट्रोलची गणतीच चुकते. कार्डाच्या दुसऱ्या टोकाला संगणक किंवा मेमरी कार्ड. नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये बंद होईपर्यंत नागपूरहून आलेला उतारू नागभीडला उतरून ब्रॉडगेजच्या गाडीत बसायचा. बीटीआरचं काम तेवढंच, दोन गेजांमधल्या फलाटाचं.

फलाट बांधतानाही ठेच लागते. काही रीडरांचे संकेत ५ व्होल्टचे, काहींचे त्याहून जास्त. मोजल्याशिवाय कार्ड खोचलं तर जळतं, कधी कंट्रोलची पाटीही सोबत नेतं. आताच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, त्यामुळे यूएसबीचा जोड लागतो. आणि लॅपटॉपचं अर्थिंग एकीकडचं, यंत्राचं दुसरीकडचं, अशा वेळी केबल लावताक्षणी ठिणगी उडते. आपल्याकडच्या शेडांतलं अर्थिंग कसं असतं, हे वेगळं सांगायला नको.

शिवाय बीटीआर म्हणजे संजीवनी नव्हे. बॉलस्क्रू झिजला असेल, सर्व्हो ड्राइव्ह मेला असेल, तर कितीही शुद्ध प्रोग्रॅम आत घातला तरी जॉब वाकडाच येणार. आधी यंत्र हातानं चालवून पाहावं. दोन्ही अक्ष सरळ सरकतात, स्पिंडल आवाज न करता फिरतो, यंत्र आपल्या शून्य जागी परत येतं, तर दुखणं फक्त रीडरचं. तेव्हाच हा खर्च करावा.

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा धानाचा पट्टा. राईस मिलचे शाफ्ट, पुल्या, बुश, ट्रॅक्टरच्या पिना यांची कामं सतत निघतात आणि साध्या लेथवर एकेक करून होतात. वीस सारखे बुश हवे असतील तर पहिला आणि विसावा जुळवण्यात टर्नरचा दिवस जातो. नवा सीएनसी लेथ दहा लाखांच्या पुढे. कोनसरीला लोहप्रकल्प आला, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठात आधुनिक यंत्रांचं प्रशिक्षण केंद्र आलं, हे चांगलंच. पण तिथे शिकून गावी परतलेल्या पोराला तसलं यंत्र घेणं झेपत नाही. त्याच्या आवाक्यात येतो तो मोठ्या कारखान्यानं काढून टाकलेला, आंधळ्या रीडरचा लेथ. मग आयटीआयमध्ये नव्या कंट्रोलची बटणं शिकवताना भोकांची सम-विषम तपासणी, सिरियल केबल आणि बीटीआर यांना एक आठवडा का मिळू नये? मोडकं यंत्र उघडून शिकलेला पोरगा नवंही चालवतो. उलटं मात्र सहसा घडत नाही.

या वाटेतला खरा अडथळा यंत्रातला नाही, कागदांचा आहे. कुठल्या पिनेवर कुठला संकेत, किती व्होल्ट, ‘थांब’ कोणत्या तारेनं येतं, हे सगळं देखभालीच्या जाड पुस्तकात असतं. पुस्तक पहिल्या मालकाच्या कपाटात राहतं, यंत्र तिसऱ्याकडे पोचतं. कंपनीकडे मागितलं तर मॉडेल बंद झाल्याचं उत्तर येतं, किंवा उत्तरच येत नाही.

घेतलेल्या वस्तूवर पुढे हक्क कोणाचा, हा प्रश्न शेतकऱ्याच्या बाबतीत देशानं सोडवला आहे. २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेव करण्याचा, विकण्याचाही हक्क दिला. ब्रँडच्या नावानं विकू नये, एवढीच अट. दादाजींनी जे कायद्याआधीच केलं होतं, ते पुढे हक्क म्हणून लिहिलं गेलं. लेथच्या मालकासाठी असा एकही कागद नाही. केंद्राच्या ग्राहक खात्यानं जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, पुढे संकेतस्थळही काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं आहेत. कारखान्याची यंत्रं नाहीत. यंत्र हे धंद्याचं, ग्राहकाचं नव्हे, असा युक्तिवाद होईल. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू वापरणाऱ्याला ग्राहक मानतो. स्वतः जॉब लावून, स्वतः कापून घर चालवणारा टर्नर त्यात बसत नसेल, तर कोण बसेल?

कंपन्यांनी आपलं सगळं सॉफ्टवेअर उघडं करावं, असं कोणी म्हणत नाही. सुटे भाग बनवणं थांबवलं की त्या मॉडेलचं देखभाल पुस्तक आणि जोडणीचे नकाशे खुले करावेत, एवढंच. ज्या मालावर आता कमाई नाही, त्याच्या नकाशात लपवण्यासारखं काय उरतं, हे कळत नाही.

सरकारला मात्र कायद्याची वाट पाहायची गरज नाही. सरकारी कारखान्यांची आणि कार्यशाळांची जुनी यंत्रं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या लिलावातून भंगार म्हणून जातात. त्या लिलावाच्या अटींत एक ओळ वाढवता येईल: यंत्रासोबत त्याची पुस्तकं, पॅरामीटरची यादी आणि असतील त्या सगळ्या टेपा खरेदीदाराला द्याव्यात. पॅरामीटर, म्हणजे त्या यंत्राची मापं आणि मर्यादा, विशेषतः. बऱ्याच जुन्या कंट्रोलमध्ये ते बॅटरीच्या जोरावर टिकतात. लिलावाच्या यार्डात सहा महिने पडलेल्या यंत्राची बॅटरी संपते आणि आपल्या स्लाइडची लांबी किती, हेही कंट्रोल विसरतो. मग बीटीआर कितीही चांगला असो, आत घालायला पहिली पट्टी ती पॅरामीटरचीच लागते.