घर पाहतं कोण?

मुलगी पाहायला आपल्याकडे जीपभर माणसं जातात. घर पाहायला मात्र एकटा कर्ता पुरुष जातो. विकणाऱ्याच्या ओसरीवर चहा होतो, इसार दिला जातो आणि संध्याकाळी घरी बातमी येते, "घर घेतलं." जिचा सारा दिवस त्या घरात जाणार, तिने ते पाहिलेलंही नसतं.

हे पेडगावात घडतं, परभणीतही घडतं. मला हा साधा निष्काळजीपणा वाटत नाही. बाईला घरातलं कळतं, पण घराचं कळत नाही, असा समज याच्या मुळाशी आहे.

वस्तुस्थिती उलट आहे. कुठली भिंत ओल धरते, चुलीचा धूर कुठे कोंडतो, मोरीचं पाणी कुठे तुंबतं, हे रोज सोसणारीलाच आधी दिसतं. आपल्या भागातली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंतीला तडे जातात. विकण्याआधी चुना मारला की ते झाकले जातात. म्हणून घर एकदा तरी पावसाळ्यात पाहावं. दारं-खिडक्यांचे कोपरे तपासावेत. तुळया ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज आला तर वाळवीची शंका घ्यावी. सोबत एखादा जाणता गवंडी न्यावा. त्याची एका दिवसाची मजुरी पुढच्या डागडुजीपेक्षा स्वस्तच पडते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर्षानुवर्षं माती टाकून जड झालेली माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तशी जुनी घरं मराठवाड्यात अजूनही आहेत. ती घेताना छत किती जड आहे, हे विचारायला नको का?

कायदाही डोळे उघडे ठेवायला सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, साध्या काळजीने घेणाऱ्याला कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने ठाऊक असल्यास सांगायलाच हवा. पण पाहिलं असतं तर दिसला असता, अशा दोषाबद्दल मागाहून तक्रार करणं अवघड जातं.

भिंतींइतकेच कागदही तपासावेत. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ ही कर-आकारणीची नोंद आहे. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. खरेदीखत नोंदवलेलं आहे का, बँकेचा बोजा आहे का, आणि विकणाऱ्याच्या बहिणींचा, विधवा आईचा हिस्सा आहे का, हे विचारा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. तो डावलून विकलेलं घर म्हणजे आणखी एका बाईवरचा अन्याय. तो आपण पैसे मोजून विकत घ्यायचा का?

आपलं राहतं घर विकायला निघालं, तरी हाच आग्रह धरा. बाईला न विचारता सौदा होता कामा नये.

मैत्रिणींनो, २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्या सवलतीपुरतं नाव लावून घेऊ नका. इसार देण्याआधी त्या घरात जा, छताकडे बघा, कागद वाचून घ्या. आणि मन खात नसेल, तरच अंगठा किंवा सही करा.